दौलूआबाचं ओगराळं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाट उतरून कोकणात जायला तेव्हा नुसती पायवाट होती, आणि त्या वाटेच्या अगदी माथ्यावर, जिथे दम खायला माणूस बसतोच, तिथे भोगमाळ नावाचं गाव होतं. गाव अजून तिथेच आहे आणि माणसं अजून तिथे दम खायला बसतात. बसली की त्यांना ही गोष्ट ऐकावीच लागते, तेव्हा तुम्हीही ऐका.

खालून वर येणाऱ्याच्या फडक्यात आमसुलं असायची, तिरफळं असायची. वरून खाली जाणाऱ्याच्या पाठीवर मिरचीचं गाठोडं असायचं. दोघंही भोगमाळात टेकायचे आणि थोडं थोडं तिथे ठेवून जायचे. त्यामुळे त्या गावात कालवणाच्या तऱ्हा फार. कुणी निखाऱ्यावर कांदा काळा करून वाटायचं, कुणी सुकं खोबरं भाजून घालायचं, कुणाकडे कारळाचं कूट, कुणाकडे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. शेजारणीने वाटीभर कालवण झाकून पाठवलं, तर झाकण काढायच्या आधी वासावरून घर सांगता यायचं. पण सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी होती. तिखट. असलं तिखट की परक्या माणसाने पहिला घास घ्यावा आणि आपलं नाव विसरावं.

याचा गावाला भारी अभिमान. इतका, की पंगतीत बसून ‘तिखट लागलं’ म्हणायचं नाही, असा रिवाजच पडला होता. भोगमाळच्या माणसाला तिखट लागतच नाही, मग तो म्हणेल कशाला? आता डोळ्यांतून पाणी यायचंच, नाक गळायचंच, त्याला इलाज नव्हता. त्यावर गावाने तोड काढली होती. धूर. पागोट्याच्या शेवाने डोळे पुसायचे आणि शेजाऱ्याला म्हणायचं, “आज धूर लई झालाय बघा.” शेजारीही डोळे पुसत म्हणायचा, “व्हय, वारं हिकडचंच हाय.” चूल पार देवळामागे असली तरी धूर. खालच्या वाडीच्या एका पाहुण्याने एकदा भर पंगतीत पाणी मागितलं होतं. त्याच्या नातवाला लोक ‘पाणीमाग्याचा नातू’ म्हणून ओळखायचे.

या गावचा आचारी होता दौलू. लग्न असो, बारसं असो, की जोगाईची जत्रा असो, हंडी चढायची ती दौलूच्या हातानेच. त्याच्याकडे एक पितळी ओगराळं होतं, लांब दांड्याचं, आज्याच्या वेळेपासूनचं. पंगतीत रस्सा वाढायचा तर त्याच ओगराळ्याने, आणि वाढायचा तोही स्वतः दौलूच. त्याचा रस्सा लालभडक, वर बोटभर तवंग. असं म्हणतात की दौलू फोडणी द्यायला लागला की समोरच्या डोंगरावर चरणाऱ्या म्हशी शिंकायच्या, आणि गुराख्यांना कळायचं, गावात आज जेवण आहे.

दौलूला एकच लेक, सारजा. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा ती बापाच्या चुलीपाशीच वाढली. चालायला लागली तशी ती मिरच्यांची देठं खुडायला लागली, आणि हात पुरायला लागले तशी बापासमोर बसून उखळात चटणी कांडायला लागली. दुधाचे दात पडायच्या आधी ती दौलूचा रस्सा भाकरी कुस्करून खायची आणि पाणीसुद्धा मागायची नाही. दौलू चारचौघांत सांगायचा, “माझी लेक हाय. तिच्या डोळ्यांत धूर जात न्हाई.” हे सांगताना त्याची छाती अशी फुगायची की बाराबंदीचे बंद तुटतील असं वाटावं.

मग सारजाचं लग्न झालं आणि ती घाट उतरून गेली. खाडीकाठचं घर, माणसं गरीब पण मायेची. तिथे कालवणात ओलं खोबरं, आमसूल, मासळी, आणि मिरची असली तर रंगापुरती. आधी तिला ते जेवण आजाऱ्याचं वाटलं. मग आवडायला लागलं. मग त्याच्यावाचून चालेना. यात तिचं काय चुकलं? पण भोगमाळात असल्या गोष्टी कुणी समजून घेत नसे.

दोन-तीन वर्षांनी सारजा जत्रेला माहेरी आली. कडेवर पोर होतं, अगदी तान्हं. दौलूने तिला आल्या आल्या पाहिलं आणि लगेच चुलीकडे वळला, कारण हंडी उकळत होती. हे त्याला पुढे फार आठवायचं. लेक एवढा घाट चढून आली आणि आपण तिला नीट बघितलंही नाही.

जोगाई बाईदेव म्हणून तिच्या जत्रेत बायका-पुरुषांच्या पंगती एकाच वेळी, समोरासमोर बसायच्या. सारजा बायकांच्या ओळीत बसली, पोर मांडीवर. हंडी उचललेले दोन गडी मागे घेऊन दौलू ओगराळ्याने वाढत वाढत तिच्यापाशी आला, तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, “आबा, मला जरा बेतानं वाढा.”

खालच्या आवाजात म्हणाली, तरी समोर गावचा पाटील बसला होता, रावबा. त्याचे कान असल्या बाबतीत फार तिखट. तो मोठ्याने म्हणाला, “ऐकलं का रं? दौलूच्या लेकीला रस्सा सोसंना! कोकणी झाली की ओ पोरगी!”

पंगत खदाखदा हसली. दौलूच्या कानशिलाला आग लागली. खरं तर तेव्हा त्याने एवढंच म्हणायचं होतं, ‘पाटील, तिला हवं तसं ती जेवंल.’ एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण दौलूला लेक दिसली नाही, हसणारी तोंडं दिसली. त्याने ओगराळं हंडीत तळापर्यंत बुडवलं, वरचा तवंग घेऊन भरून काढलं आणि तिच्या भातावर ओतलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “माझी लेक असशील तर पानात ठेवणार न्हाईस.”

सारजाने बापाकडे एकदा पाहिलं. मग ती जेवायला लागली. एकेक घास, न थांबता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. धूर झालाय असंही ती म्हणाली नाही. तिच्या बाजूच्या बायकांनी माना खाली घातल्या. पान स्वच्छ करून ती उठली, हात धुतला, पोराला घेतलं, आणि जोगाईला नमस्कार करून त्याच पावली घाट उतरून गेली. दौलूच्या पाया पडली नाही.

घाटात एक झरा आहे. तिथे ती थांबली आणि तिने चूळ भरली. असं म्हणतात की त्या दिवसापासून त्या झऱ्याचं पाणी जिभेला किंचित चुरचुरतं. भोगमाळच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, छे, काही लागत नाही. पण त्याला विचारून काय उपयोग?

त्या संध्याकाळी पातेली घासायला काढण्याआधी दौलूने तळाचा रस्सा भाकरीवर घेतला आणि घास तोंडात घातला. काहीच लागलं नाही. ना तिखट, ना मीठ, ना मटण. नुसतं गरम पाणी. त्याने चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली. माती ठेवल्यासारखं झालं. असं म्हणतात की सारजाने पान पुसून खाल्लं, तेव्हा बापाच्या जिभेवरची चवही तिने पुसून नेली. कुणी म्हणतं, जोगाईने नेली. काही असो, दौलूची जीभ मेली.

आता आचाऱ्याची जीभ मेली हे त्याने कुणाला सांगायचं? तो अंदाजाने करायला लागला. चटणी कमी पडली असेल या धास्तीने मूठभर जास्त घालायचा. ती घातल्यावरही काही लागायचं नाही, मग आणखी मूठभर. पंगत उठली की दारात उभा राहून विचारायचा, “कसं झालं हुतं?” आणि भोगमाळची माणसं, ओठ सुजलेली, कान लाल झालेली, म्हणायची, “झक्कास! मागल्या येळेपेक्षा बी बेस!” म्हणून पुढच्या वेळी तो आणखी घालायचा.

असं म्हणतात की त्या वर्षी दौलूच्या हंडीची कल्हई आतून सोलून निघाली. जेवणाच्या दिवशी गावावरून कावळे उडेनासे झाले. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांतला पडदा नुसत्या वाफेने वाहून गेला आणि त्याला लांबचं दिसायला लागलं. माणसं कनवटीला गुळाचा खडा लपवून पंगतीला यायला लागली. बायका घरून निघताना जिभेला लोणी फासायच्या. आणि गंमत अशी, की प्रत्येकाला वाटायचं, सोसत नाही ते आपल्या एकट्यालाच. शेजारी बघा कसा मजेत जेवतोय! तो शेजारी गुळाचा खडा गालात धरून तेच म्हणत असायचा.

वर्ष सरत आलं. पुन्हा जत्रा तोंडावर आली. दौलूने खालून येणाऱ्या सुकटवालीच्या हाती निरोप धाडला होता, लेकीला म्हणावं जत्रेला ये. ती म्हातारी टोपली घेऊन परत आली तेव्हा दौलू पारावर माणसांत बसला होता. तिला आडपडदा माहीत नव्हता. तिने तिथेच सांगून टाकलं, “येवक नाय म्हणता तुमचा चेडू. म्हणता, बाबाक सांग, त्या दिसा प्वार अंगावर पीत होता, म्हणान बेतान वाढ म्हटलंय. घराक पोचासर प्वार रडान रडान निळा पडला होता.”

पारावर कुणी हसलं नाही. दौलू उठला आणि घरी गेला. आत जाऊन त्याने कवाड लावलं. अंगावर पिणारं पोर. आईने जे खाल्लं ते पोराच्या तोंडी जाणार, हे साध्या अडाण्यालाही कळतं. भर पुरुषांत तिने कसं सांगायचं होतं? आपण आचारी. कुणाच्या पोटाला काय सोसेल हे ज्याने बघायचं, तो मी. आणि आपल्याच लेकीच्या पानाशी उभं राहून आपण काय बघितलं, तर रावबाचे दात. दौलूला इतकी लाज वाटली की चुलीसमोर बसून त्याने तोंडावर घोंगडं ओढून घेतलं. घरात दुसरं कुणी नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो घाट उतरला. बरोबर काय न्यावं हे सुचेना. चटणीची पुरचुंडी बांधली आणि पुन्हा सोडली. शेवटी रिकाम्या हातानेच गेला. झऱ्यापाशी पाणी प्यायला वाकला, पण त्याला ते प्यायचा धीर झाला नाही.

सारजाने बापाला दारात पाहिलं. तिने पायांवर पाणी दिलं, बसायला पाट दिला. रीत सगळी केली, पण बोलली नाही. तिची सासू भली होती, ती काहीतरी निमित्त काढून परड्यात निघून गेली. पोर आता धरून धरून उभं राहत होतं. ते या अनोळखी म्हाताऱ्याकडे टक लावून बघत होतं. दौलूने त्याला घ्यायला हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले.

सारजाने ताट वाढलं. उकड्या तांदळाचा भात आणि त्यावर पिवळसर कालवण. पोर आता त्याच भांड्यातलं दोन घास खायचं, म्हणून त्यात मिरची नव्हतीच. मिऱ्याचे चार दाणे काय ते होते. दौलूने खाली बघून घास कालवला आणि तोंडात घातला.

आधी आमसुलाचं आंबट लागलं. मग खोबऱ्याचं गोड. मग तिरफळाचा तो मागून येणारा वास. वर्षभर मातीसारखी पडलेली जीभ एकेक करून जागी होत गेली, आणि सगळ्यात शेवटी, पार घशापाशी, मिऱ्याचा एक दाणा फुटला. दौलूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. थांबेचना.

सारजा भिंतीला टेकून उभी होती. ती अखेर भोगमाळची लेक. बापाची लाज झाकायला तिने गावाचं ते जुनं पांघरूण पुढे केलं. म्हणाली, “धूर झालाय का, आबा?”

दौलू म्हणाला, “न्हाई गं बाई. तिखट लागलं.”

भोगमाळच्या माणसाच्या तोंडून हे शब्द त्याआधी कुणी ऐकले नव्हते. सारजा जमिनीवर बसली. मग ती म्हणाली, “हितं म्हणालात, आबा. हितं आपुन दोघंच हाय. तिथं म्हणाल?”

दौलूच्या हातातला घास तसाच राहिला. लेकीने मागितलं ते रास्त होतं. लाजवलं होतं सगळ्या पंगतीसमोर, आणि माफी मागायला तो आला होता चार भिंतींच्या आत. त्याने ताट स्वच्छ केलं, हात धुतला, आणि “या जत्रेला ये” एवढंच म्हणून निघाला.

जत्रेच्या दिवशी लोकांनी पाहिलं, देवळामागे दोन हंड्या. एक नेहमीची लाल. दुसरीत ओल्या खोबऱ्याचं, फिकं. तिच्याकडे बघून माणसं एकमेकांना कोपर मारायला लागली. पंगत बसली. हंड्या पंगतीच्या मधोमध आणून ठेवल्या. रावबा पाटलाने हाळी दिली, “दौलू, ती पांढरी हंडी कुणाची रं? बाळंतिणीची?”

पंगत हसली. बायकांच्या ओळीच्या शेवटाला सारजा येऊन बसली होती, पोर मांडीवर. ती हसली नाही. दौलूने ती आलेली पाहिली. आपल्या तोंडात धुराचं नाव येतंय हे त्याला कळत होतं. ते म्हणणं किती सोपं होतं! इतकी वर्षं म्हटलेलं.

मग दौलूने कधी केलं नव्हतं ते केलं. आचारी नेहमी सगळ्यांत शेवटी जेवायचा. तो पंगतीच्या मधोमध, रावबासमोर, मांडी घालून बसला. पत्रावळ पुढे ओढली, स्वतःच्या ओगराळ्याने स्वतःला लाल रस्सा वाढून घेतला, आणि मोठा घास घेतला. जीभ आता जिवंत होती. सगळी चटणी तिला समजली. त्याचं तोंड लाल झालं, डोळे वाहायला लागले, आणि त्याने ते पुसले नाहीत.

“मला तिखट लागलं,” दौलू म्हणाला.

कुणाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हणून तो पुन्हा म्हणाला. “मला तिखट लागलं. आदी बी लागायचं. लेकीनं बेतानं मागितलं तर मी तिला ह्येच वाढलं. माझं चुकलं.” आणि त्याची मान खाली गेली ती वर येईना.

असं म्हणतात की देवळावरचं निशाणसुद्धा फडफडायचं थांबलं. आणि मग बायकांच्या ओळीतून एक थरथरता आवाज आला. पाटलाची म्हातारी आई होती ती.

“मला बी लागतंय,” ती म्हणाली. “लगीन हून आले तवापासनं लागतंय.”

मग काय, बांधच फुटला. “मला बी!” “मला बी रं बाबा!” कनवटीचे गुळाचे खडे बाहेर निघाले, पत्रावळीच्या कडेला मांडले गेले. आपला शेजारीही इतकी वर्षं गूळ चघळत होता हे बघून माणसं हसावं की रडावं अशी झाली. रावबा पाटील मात्र हसत नव्हता. तो आईकडे बघत होता. थोड्या वेळाने त्याने आपली पत्रावळ गुपचूप पांढऱ्या हंडीकडे सरकवली.

दौलू उठला, फिक्या हंडीतून ओगराळं भरून घेतलं आणि ओळीच्या शेवटाला गेला. सारजाने पत्रावळ पुढे केली. मागच्या वर्षी म्हणाली होती तेच शब्द ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी आवाज खाली नव्हता.

“आबा, मला जरा बेतानं वाढा.”

दौलू या वेळी लेकीच्याच तोंडाकडे बघत राहिला, त्यामुळे निम्मं कालवण जमिनीवर सांडलं. पण वाढलं त्याने बेतानंच.

पुढे दौलू खूप म्हातारा झाला आणि त्याचा दौलूआबा झाला. असं म्हणतात की नंतर नंतर त्याला दोन हंड्या लागेनाशा झाल्या. एकाच हंडीतून, त्याच ओगराळ्याने तो वाढायचा. “कसं वाढू?” विचारायचा, आणि जो जसं सांगेल तसंच ते त्याच्या पानात उतरायचं. म्हाताऱ्याला मऊ, गड्याला झणझणीत, बाळंतिणीला दुधासारखं. लोक पाया पडायला यायचे तेव्हा तो पाय आखडून घ्यायचा. म्हणायचा, “पाया पडायचं काम न्हाई. मी लेकीला रडवलेला माणूस हाय.” दर जत्रेला पंगतीसमोर बसून तो पहिला घास घ्यायचा आणि ‘मला तिखट लागलं’ म्हणायचा. लोक म्हणायचे, आबा, आता पुरे. पण त्याने ते सोडलं नाही. शेवटच्या वर्षी घास गिळवेना, तेव्हा त्याने नुसतं बोट रश्शात बुडवून जिभेला लावलं आणि तेच म्हणाला.

आज भोगमाळात गॅसच्या शेगड्या आल्या. धुराचं निमित्त सांगायचीही सोय उरली नाही. लाल रस्सा अजून तसाच होतो, खाणारे अजून आवडीने खातात. पण शेजारी फिकी हंडी असतेच, आणि तिला सगळा गाव ‘दौलूचं’ म्हणतो. ज्याच्या फोडणीने डोंगरावरच्या म्हशी शिंकायच्या, त्याचं नाव राहिलं ते या फिक्या कालवणाला.

आणि जोगाईच्या जत्रेत पंगत बसली की कुणी घासाला हात लावत नाही. गावातला सगळ्यांत मोठा मानकरी मधोमध बसतो, लाल रश्शाचा घास घेतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, “मला तिखट लागलं.” म्हणताना त्याची मान आपोआप खाली जाते, आणि तेव्हा कुणी हसत नाही. मग पहिलं पान माहेरवाशिणीचं. वाढणारा ते जुनं पितळी ओगराळं भरतो, तिला विचारतो, “कसं वाढू, बाई?” आणि ती उत्तर देईपर्यंत ओगराळं तसंच हंडीवर धरून उभा राहतो.